ताणलेला पापुद्रा

'ताण' हा शब्द हल्लीं घरोघर फार ऐकूं येतो. परीक्षेचा ताण, नोकरीचा ताण, कर्जाचा ताण. कोणाची प्रकृति विचारावी तों उत्तरांत हा शब्द ठेवलेलाच. वास्तविक हा शब्द मूळचा मनाचा नव्हे, वस्तूंचा. मागावरच्या उभ्या धाग्यांस आपण ताणा म्हणतों; तंबोऱ्याच्या तारेला ताण असतो, धनुष्याच्या दोरीला असतो, राहुटीच्या दोरांना असतो. ह्यांपैकीं एकही वस्तु ताणावांचून आपलें काम करूं शकत नाहीं. सैल तारेंतून सूर निघत नाहीं आणि सैल ताण्यावर कापड विणलें जात नाहीं. मग मनुष्याच्या तोंडीं आल्यावरच ह्या शब्दाला केवळ दुःखाचा वास कां यावा, असा प्रश्न आमच्या मनांत कधीं कधीं येतो. त्याचें उत्तर देण्याचा आमचा अधिकार नाहीं. परंतु पदार्थविज्ञानांत गेल्या वीस वर्षांत ताणाविषयीं जें नवें ज्ञान झालें आहे, तें घरांतल्या एका प्रसंगामुळें आम्हांस बरेंच जवळून पाहावें लागलें. तें वाचकांपुढें मांडावें, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

आमच्या धाकट्या बहिणीची मुलगी गेलीं पांच वर्षें परगांवच्या एका प्रयोगशाळेंत संशोधन करीत आहे. गेल्या दिवाळींत ती घरीं आली, त्याच सुमारास तिला तिच्या गांवच्या एका महाविद्यालयांतून कायमच्या नोकरीचें पत्र आलें. पत्राचें उत्तर पंधरा दिवसांत द्यावयाचें होतें. बहीण आम्हांस स्वयंपाकघरांत बोलावून म्हणाली, "दादा, तूच तिला समजाव. तूं जन्मभर हाच विषय शिकवलास, तुझें ती ऐकेल. पांच वर्षें त्या न दिसणाऱ्या पापुद्र्यांना ओढीत बसली आहे. रोज एक फाटतो, आणि ही रोज थोडी वाळते." समजावण्याचें आम्हीं कबूल केलें नाहीं, ती काय ओढते आहे तें आधीं पाहूं, एवढेंच म्हटलें. त्यानंतर दोन दुपारी आम्ही दोघे माडीवर बसलों होतों. त्या दोन दुपारींत जें समजलें त्यांत आमचें जुनें ज्ञान थोडें होतें आणि तिनें सांगितलेलें पुष्कळ होतें.

ताणाचा आणि विजेच्या प्रवाहाचा संबंध आजचा नव्हे. १८५६ सालीं विल्यम टॉमसन ह्यांनीं, म्हणजे जे पुढें लॉर्ड केल्व्हिन झाले त्यांनीं, लोखंडाच्या व तांब्याच्या तारा ताणून पाहिल्या आणि ताणानें तारेचा विद्युत्‌रोध बदलतो असें दाखविलें. तार लांब व बारीक झाली म्हणजे वाट लांब व अरुंद झाली, हें त्याचें एक साधें कारण. १९३८ सालीं अमेरिकेंत ह्याच गुणावर तारेचा ताणमापक तयार झाला. आज वाण्याच्या दुकानांत जो विजेवरचा काटा असतो, त्याच्या पोटांत धातूची एक लहानशी पट्टी असते व तिच्यावर असे ताणमापक चिकटविलेले असतात. आपण डाळ ठेवली कीं पट्टी किंचित् वांकते, मापकाचा रोध बदलतो, आणि तो बदलच आपणांस वजनाच्या आंकड्यांत वाचावयास मिळतो.

१९५४ सालीं चार्ल्स स्मिथ ह्यांनीं सिलिकन व जर्मेनियम ह्यांच्यावर ताणाचा प्रयोग केला, तेव्हां रोधांतील बदल धातूंच्या मानानें कित्येक पटींनीं मोठा आला. हा केवळ लांबीरुंदीचा हिशेब नव्हता. अणूंमधील अंतरें बदललीं कीं इलेक्ट्रॉनांना चालावयास मिळणाऱ्या वाटांचे चढउतारच बदलतात. जी वाट जड होती ती टाकून ते हलक्या वाटेनें जाऊं लागतात. ह्या ज्ञानाचा आधार घेऊन २००३ पासून संगणकाच्या चिपांत सिलिकन मुद्दाम ताणून वा दाबून बसविण्यांत येऊं लागला, व त्यायोगें प्रवाहाची चाल सुधारली. आपल्या हातांतील यंत्रें आज जितकीं चपळ आहेत, त्यांतला कांहीं भाग ह्या ताणाचा आहे.

आतां तिच्या पापुद्र्याकडे येऊं. शिसपेन्सिलींत जें असतें तें शिसें नव्हे, ग्रॅफाईट. म्हणजे कर्बाच्या अणूंचे एकावर एक रचलेले थर. प्रत्येक थरांत अणु मधाच्या पोळ्यासारख्या षट्कोनी जाळींत एकमेकांस घट्ट धरून असतात. परंतु एका थराची दुसऱ्यावरील पकड इतकी ढिली असते कीं, पेन्सिल कागदावर फिरविली कीं थर सुटून कागदावर राहतात. आपण लिहूं शकतों तें ह्या ढिलाईच्या कृपेनें. असा एकच थर असला तर त्यांत इलेक्ट्रॉन कसे वागतील, ह्याचें गणित फिलिप वॉलेस ह्यांनीं १९४७ सालींच करून ठेविलें होतें. पुढें २००४ सालीं इंग्लंडांत मँचेस्टर येथें आंद्रे गाईम, कॉन्स्टांटिन नोव्होसेलोव्ह व त्यांचे सहकारी ह्यांनीं साध्या चिकटपट्टीनें थर सोलीत सोलीत तो एकटा थर वेगळा केला व त्यांतून प्रवाह सोडून पाहिला. गाईम व नोव्होसेलोव्ह ह्यांस २०१० सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. ह्या थरास ग्राफीन म्हणतात. असे सुमारें तीस लक्ष थर एकावर एक ठेवावे, तेव्हां एक मिलिमीटर उंची भरते. त्यांतून इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या सुमारें तीनशेंव्या हिश्शाच्या वेगानें, जणूं आपणांस वजनच नाहीं अशा थाटानें धांवतात. ज्यांस लांबीरुंदी आहे, पण जाडी म्हणून सांगण्यासारखी नाहीं, अशा पदार्थांस द्विमितीय म्हणतात. ग्राफीनाच्या मागोमाग त्यांचें मोठें गोत सांपडलें आहे.

ह्या थराची ताकद कशी मोजली हें ऐकून आम्हांस विशेष मौज वाटली, कारण तें काम म्हणजे तबला मढविण्याचेंच होतें. २००८ सालीं न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत सिलिकनच्या चकतीवर एक-दीड सहस्रांश मिलिमीटर व्यासाचे गोल खळगे करून त्यांवर ग्राफीनाची पुडी चढविली, आणि हिऱ्याच्या सूक्ष्म टोंकानें मध्यभागीं दाबीत ती फुटेपर्यंत जोर मोजला. बहुतेक कठीण पदार्थ शेकडा एक भाग ताणले तरी तडकतात किंवा कायमचे वांकतात. ही पुडी शेकडा पंचवीसच्या आसपास ताण सोसून मग फुटली. आम्ही तबल्याचे शौकीन. मैफलीपूर्वीं तबलजी हातोडीनें गजऱ्यावर ठोके देत पुडीचीं सोळा घरें एका सुरांत आणतो. एका अंगास ताण अधिक व दुसऱ्यास कमी राहिला, तर तबला बोलत नाहीं. भाची लहानपणीं आमच्याजवळ बसून हें पाहत असे. त्याची आठवण काढून ती म्हणाली, "मामा, तुम्ही ताण सारखा करतां. आमच्याकडे सगळी गंमत तो सारखा नसण्यांत आहे."

ह्याचा अर्थ आम्हांस तिनें हळूहळू उलगडून सांगितला. ग्राफीनांत वीज वाहते ती फार चांगली, परंतु ती बंद करतां येत नाहीं. आणि ज्याला बंद होणें ठाऊक नाहीं त्या नळाचा चिप बनविणाऱ्यास उपयोग थोडा. बंद होण्यासाठीं इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेंत एक खिंड पडावी लागते. ग्राफीन ताणलें तर ती खिंड पडेल, अशी पुष्कळांची अपेक्षा होती. २००९ सालीं गणित झालें तेव्हां दिसलें कीं, सगळीकडे सारखा ताण दिला तर खिंड सहजासहजीं पडतच नाहीं. ठराविक दिशेनें शेकडा वीसहून अधिक ओढावें तेव्हां कोठें ती उघडावयास लागते, आणि शेकडा पंचवीसला तर थर फुटावयाचाच. सर्व अणु सारखेच दूर गेले, तर इलेक्ट्रॉनांचा वेग थोडा बदलतो, वाटा थोड्या सरकतात. बाकी व्यवहार जुना तसाच चालतो.

ताण जागोजाग बदलता असला, कीं मात्र निराळेंच घडतें. अणूंमधील अंतर वाढलें कीं एकावरून दुसऱ्यावर उडी घेणें इलेक्ट्रॉनास कठीण जातें, कमी झालें कीं सोपें. हा कठीणपणा क्रमाक्रमानें बदलत गेला, तर सरळ निघालेला इलेक्ट्रॉन वळूं लागतो. जवळ लोहचुंबक नसतांना, अगदीं चुंबकाच्या क्षेत्रांत वळावा तसा वळतो. ग्राफीन तीन ठराविक दिशांनीं योजून ताणलें, तर त्यांत १० टेस्लांहून अधिक चुंबकीय क्षेत्राचा भास उत्पन्न करतां येईल, असें गिनेआ, कात्सनेल्सन व गाईम ह्यांनीं २०१० सालीं गणितानें दाखविलें. त्याच वर्षीं कॅलिफोर्नियांतील बर्कली येथील शास्त्रज्ञांनीं प्लॅटिनमवर वाढविलेल्या ग्राफीनाचें निरीक्षण प्रसिद्ध केलें. तापलेला प्लॅटिनम निवतांना आकसतो, ग्राफीन त्याच्या जोडीनें आकसत नाहीं, म्हणून त्यावर कांहीं नॅनोमीटर रुंदीचे फोड येतात. त्या फोडांवरील इलेक्ट्रॉन ३०० टेस्लांहून मोठ्या क्षेत्रांत असल्यासारखे वागत होते. माणसांनीं मोठमोठीं यंत्रें उभारून जें स्थिर चुंबकीय क्षेत्र निर्माण केलें आहे, तें सुमारें ४५ टेस्लांचें. पोळीवर फोड यावा तसा एक फोड, आणि त्याच्या अंगीं हें सामर्थ्य!

परंतु निसर्ग आपला जमाखर्च चोख ठेवतो. ग्राफीनांतील इलेक्ट्रॉनांचे दोन गट असतात. खऱ्या चुंबकाच्या क्षेत्रांत दोन्ही गट एकाच बाजूस वळतात. ताणाच्या क्षेत्रांत एक गट उजवीकडे वळला, तर दुसरा डावीकडे वळतो, आणि दोघांची बेरीज शून्य येते. त्या फोडाजवळ होकायंत्र नेलें तरी त्याची सुई हालावयाची नाहीं. म्हणून इलेक्ट्रॉनांस जें प्रचंड वाटतें, त्याचा बाहेरच्या जगास मागमूसही लागत नाहीं. हें ऐकून आम्हीं थोडा वेळ कांहीं बोललों नाहीं.

दुसऱ्या दिवशीं तिनें ग्राफीनाच्या गोतांतील मॉलिब्डेनम डायसल्फाईडची हकीकत सांगितली. ह्याच्या एकट्या थरांत खिंड जन्मतःच असते. शेकडा एक ताण दिला कीं ती सुमारें दोन-अडीच टक्क्यांनीं अरुंद होते व थरांतून निघणाऱ्या प्रकाशाचा रंग किंचित् तांबड्याकडे सरकतो. हें २०१३ सालीं प्रयोगानें दिसलें. पुढच्याच वर्षीं दुसऱ्या एका प्रयोगांत हा थर शेकडा अर्ध्या भागानें ताणला, तेव्हां त्यानें आपण होऊन १५ मिलिव्होल्टांचा दाब उत्पन्न केला. मात्र थरांची संख्या विषम असली तरच हें घडतें. सम असली तर शेजारच्या थरांचीं तोंडें परस्परांविरुद्ध असल्यामुळें एकाचें काम दुसरा पुसून टाकतो.

मग आम्हीं तिला विचारलें, "हें सगळें लोकांनीं केलें. तुझे पापुद्रे कां फाटतात?" ती म्हणाली, "फाटतात ते कमीच, मामा. बहुतेक निसटतात." थर लवचिक प्लॅस्टिकच्या पट्टीवर ठेवून पट्टी वांकवावयाची, असा ताण देण्याचा नेहमींचा मार्ग. परंतु जी ढिली पकड पेन्सिलीला लिहूं देते, तीच येथें आडवी येते. पट्टी ताणली जाते आणि थर तिच्यावरून हळूच घसरून स्वस्थ राहतो. म्हणून त्याच्या कडा धातूच्या बारीक पट्ट्यांनीं दाबून धराव्या लागतात; आणि मग जेथें धरलें तेथेंच, एखाद्या जुन्या दोषापाशीं, तो फाटतो. शिवाय थर ठेवतांना न मागतां पडलेल्या सुरकुत्या असतातच. नुसत्या खालच्या पृष्ठभागाच्या खडबडीमुळें थरांत बारीक, अव्यवस्थित ताण पडतात आणि इलेक्ट्रॉनांच्या चालीस मुख्य अडथळा त्यांचाच होतो, असें २०१४ सालच्या एका अभ्यासांत दिसून आलें. योजून दिलेला ताण इलेक्ट्रॉनास वळण लावतो, नकळत पडलेला त्यास ठेंचा खावयास लावतो. दोन्ही ताणच, नुसत्या डोळ्यांनीं ओळखूं येत नाहींत.

"मग तुला ओळखतां कसे येतात?" आम्हीं विचारलें. ती म्हणाली, "रामन साहेबांच्या कृपेनें." थरावर एका रंगाचा प्रकाश सोडला कीं परत येणाऱ्या प्रकाशांत थोडा निराळा रंग मिसळलेला असतो, आणि तो फरक अणूंच्या कंपनावर अवलंबून असतो. हा शोध चंद्रशेखर वेंकट रामन ह्यांनीं कलकत्त्यास १९२८ सालीं लावला. ताणलेल्या थरांत अणूंचे बंध सैलावतात, कंपनाचा सूर उतरतो, आणि तो किती उतरला ह्यावरून ताण किती पोंचला तें कळतें. तबल्याचा सूर ताणानें चढतो. ह्या अणूंचा उतरतो. तेव्हां तिला ठाऊक नसलेली एक गोष्ट सांगण्याचें भाग्य आम्हांस लाभलें. ह्याच रामन ह्यांनीं १९२० सालीं, म्हणजे त्या शोधाच्या आठ वर्षें आधीं, तबला व मृदंग ह्यांच्या पुडीवर संशोधन करून, शाईच्या भारामुळें तिच्यांतून एकमेकांशीं जुळणारे स्वर कसे निघतात, हें 'नेचर' पत्रांत प्रसिद्ध केलें होतें. ज्या माणसानें कातड्याच्या पुडीचा सूर तपासला, त्याच्याच प्रकाशानें ती रोज आपल्या एका अणूच्या जाडीच्या पुडीचा सूर तपासते आहे. हें ऐकून ती हंसली. त्या दिवाळींत आम्हीं तिला हंसतांना तेवढेंच पाहिलें.

कारण नोकरीचें पत्र खालीं टेबलावर पडलेंच होतें. तिनें तो विषय आपण होऊन काढला. "भीति वाटते, मामा. वर्षानें शिष्यवृत्ति संपते. एक जरी थर दोन्ही टोंकांस धरून, मोजून, नीट ताणतां आला आणि त्यांतून प्रवाह कसा वळतो तें पाहतां आलें, तर पांच वर्षांचें कांहीं तरी झालें असें होईल. नाहीं आलें, तर आईचें म्हणणें खरें ठरेल." ह्यावर देण्यासारखा उपदेश आमच्यापाशीं नव्हता. ग्राफीन म्हणजे मनुष्य नव्हे. कोणाचा तुटण्याचा आंकडा आधीं मोजून ठेवलेला नसतो, आणि तो मोजण्यासाठीं हिऱ्याचें टोंक घेऊन कोणीं बसूंही नये. आम्हीं इतकेंच विचारलें कीं, हें काम सोडलें तर बरें वाटेल काय? तिनें बराच विचार केला आणि म्हणाली, "झोंप लागेल. बरें वाटेल असें नाहीं."

बहिणीस आम्हीं तें जसेंच्या तसें सांगितलें व समजावणें आमच्यानें होणार नाहीं हेंही सांगितलें. ती आमच्यावर रागावली, आणि तिच्या रागांत अन्याय नव्हता. कायमची नोकरी म्हणजे काय, हें ज्या घरानें ती नसतांना दिवस काढले त्यासच समजतें. मुलीनें महाविद्यालयाकडे एका वर्षाची सवलत मागितली. ती मिळाली नाहीं, आणि जागा गेली. भाची परत गेल्यावर महिनाभर मायलेकींचें बोलणें जेवलीस का, निजलीस का, ह्यापलीकडे गेलें नाहीं.

माघांत भाचीनें कळविलें कीं, एक थर शेकडा एकपर्यंत न घसरतां ताणला गेला, रामन ह्यांच्या रेषेनें त्याची साक्ष दिली, आणि मग एका कडेस तो सुटला. पंचवीसच्या मानानें एक म्हणजे कांहींच नव्हे. त्यावर शिष्यवृत्ति वाढत नाहीं आणि नोकरीही परत येत नाहीं. पुढें काय होईल तें तिलाही सांगतां येत नाहीं. परंतु परवां आम्ही बहिणीकडे बसलों असतां तिचा मुलीशीं फोन चालला होता. जेवणाची चौकशी झाली, झोंपेची झाली, आणि मग थोडें थांबून, आमच्याकडे पाठ करून, तिनें विचारलें, "आज कितीपर्यंत ताणला ग?"